सायगावचे गुरलिंगअप्पा

आमच्या बोरीतून कुणी परगावी निघालं की दोन माणसांना भेटल्याशिवाय त्याची सुटका नसे. एक मोटारीचा ड्रायव्हर हुसेनभाई, कारण मोटार तो चालवायचा. आणि दुसरे गुरलिंगअप्पा, ज्यांचा त्या मोटारीशी काडीचाही संबंध नव्हता.

मोटार अड्ड्यावर लागली रे लागली की अप्पा हजर. बारीक अंगकाठी, धोतर, त्यावर कधीकाळी पांढरा असलेला उभ्या गळ्याचा कोट, गळ्यात चांदीच्या पेटीतलं लिंग आणि काखेत छत्री. पायरीवर एक पाय ठेवून ते आत डोकवायचे आणि विचारायचे, "परभनीला कोन कोन चाललंय? तुमी? मंग उठा तिथून. डाव्या अंगाला बसा. दुधना आली की तिकडून पानी दिसतंय. उजवीकडं बसलात तर निस्त्या बाभळी बघत जाल."

एकदा एक शेतकरी गाल धरून बसला होता. तो कळवळून म्हणाला, "अप्पा, दाढ उपटायला चाललोय हो."

"दाढंचं दुखनं तोंडात हाय. डोळे तर मोकळेच हायेत की तुमचे. नजारा सोडू नका!"

'नजारा सोडू नका' हे अप्पांचं घोषवाक्य. कुणी जिंतूरच्या बाजाराला निघो, कुणी पोरीच्या सोयरिकीला, कुणी सुतकाला. अप्पा त्याला कुठं वळणावर मान वळवायची, कुठल्या टेकडीवर सकाळचं ऊन चांगलं दिसतं, हे सांगितल्याशिवाय सोडत नसत. हुसेनभाई कर्णा वाजवून वाजवून थकायचा. "अप्पा, उतरो अब्बी. ये मोटार है, मुशायरा नै."

मी लग्न होऊन बोरीला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचे हे तिथल्या सरकारी शाळेत मास्तर. शाळा उर्दूत, मुलं मराठी, आणि मास्तर दोन्हींच्या मधे लटकलेले. आमचं घर अप्पांच्या घराला लागून होतं. सामान उतरवतानाच अप्पा भिंतीपलीकडून म्हणाले, "मास्तरीणबाई, चूल त्या खिडकीपाशी मांडा. भाकरी थापता थापता लिंबावरचे पोपट दिसतील."

मी चूल तिथंच मांडली. पोपट खरंच दिसायचे. धूरही सगळा डोळ्यांत यायचा.

अप्पांना लोक 'सायगाववाले' म्हणत. मी शेजारच्या सखूबाईला विचारलं, की हे मूळचे सायगावचे का? सखूबाई तोंडाला पदर लावून हसली. "न्हाई वो. मूळचे इथलेच. पन अकरा वर्सं सायगावला जाऊन ऱ्हायलते. आता सायगाव म्हंजे काय लंका हाय का? अंबाजोगाईपशी तर हाय. माझी आत्या तिथंच दिलेली हाय. तिला इचारलं मी, तर ती म्हनली आमच्या गावात असा कोनी मानूस न्हाई ऱ्हायला."

हे अप्पांच्या कानावर गेलं आणि ते भिंतीवरून ओरडले, "ते सायगाव न्हाई, सखूबाई! सायगॉन! समिंदरापल्याड! अनाम मुलूख!"

"अनाम म्हंजे नावच न्हाई म्हना की त्या गावाला," सखूबाई म्हणाली. "मंग सापडंल कसं?"

हकिगत अशी होती. अप्पा वाण्याच्या घरचे, घरी किराणाचं दुकान. तरुणपणी ते मुंबईला एका रेशमाच्या व्यापाऱ्याकडं गुमास्ता म्हणून लागले आणि त्या शेठनं त्यांना सायगॉनच्या दुकानात धाडलं. तिथं फ्रेंचांचं राज्य. मुंबईहून, मद्रासेहून शेठचे व्यापारी मित्र यायचे, आणि परतीची बोट सुटेपर्यंत त्यांचे चार-दोन दिवस मोकळे असायचे. शेठ म्हणायचा, गुरलिंग, पाव्हण्यांना मुलूख दाखवून आण. अप्पांना त्या कामाची अशी गोडी लागली की रेशमाचे भाव त्यांच्या ध्यानात राहिनात, पण कुठल्या नदीवर कुठल्या वेळी होडीत बसावं ते पाठ झालं. पाव्हण्यांना घेऊन ते उत्तरेला हालाँगच्या खाडीपर्यंत जाऊन आले होते.

आणि मग आई वारली म्हणून ते परत आले, ते बोरीत. बोरीला दाखवायला खाडी नव्हती, राजवाडे नव्हते, आणि बघायला पाव्हणेही नव्हते. दुकान धाकट्या भावानं, महालिंगनं, आपल्या नावावर चढवलं होतं, ते उचलून तो सेलूला निघून गेला. अप्पा थोडीशी शेती बघू लागले. पण अकरा वर्षं लोकांना मुलूख दाखवलेला माणूस गप्प कसा बसणार?

आमच्या शाळेत ते एकदाच आले. भिंतीवर जगाचा नकाशा होता. अप्पांनी छत्रीच्या टोकानं अनाम शोधलं आणि संतापले. "मास्तर, ह्यो नकाशा चूक हाय. आगगाडीत बसून अंग आंबतंय एवढा लांब मुलूख, आन तुमी नखाएवढा दावलाय."

हे म्हणाले, "अप्पा, सगळं जगच लहान काढलंय. कागदावर मावायला पाहिजे ना?"

"मंग हैदराबाद कामून एवढं मोठं काढलंय?"

ह्यांनी आधी वर्गाचं दार लावून घेतलं, आणि मग अप्पांना मागच्या दारानं बाहेर काढलं.

अप्पांची खरी सफर निघायची ती त्यांच्या घराच्या ओट्यावरून. दुपारची कामं उरकली की आम्ही गल्लीतल्या बाया सुपं, चाळण्या घेऊन तिथं सावलीला बसायचो. कुणी डाळ निवडायची, कुणी वाती वळायची. अप्पा छत्री टेकवून उभे राहायचे. "आज हुएला जायचंय. राजाचं गाव. मधून सुगंधी नदी वाहती. वरच्या रानातली फुलं पान्यात पडत्यात म्हून तसं नाव. होडी आता सुटंल. हात पान्यात घालू नका."

उशिरा येणारीला ते आत घेत नसत. सखूबाई एकदा निम्म्या सफरीत आली. अप्पा म्हणाले, "बोट गेली, सखूबाई. तुमी आता तुरान बंदरावरच बसा. परत येताना घेऊ तुमाला."

सखूबाई खाली बसत म्हणाली, "बसते की. तुरानला बसून तूर निवडते."

आम्ही हसायचो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जमायचो. कारण अप्पा सांगायचे ते ऐकत राहावंसं वाटे. डोंगराच्या पायऱ्या पायऱ्या करून केलेली भाताची शेतं, प्रत्येक पायरीत पाणी आणि प्रत्येक पाण्यात वेगळं आभाळ. समुद्रातून हत्तींच्या कळपासारखे वर आलेले हजारो खडक. फाइफो गावचे कागदी कंदील. तिथल्या म्हाताऱ्या पान खातात आणि दात मुद्दाम काळे करतात हे कळल्यावर सखूबाईनं मिशेरीचं बोट तोंडातून काढलं आणि म्हणाली, "म्हंजे आपल्यातल्याच हायेत की वो!"

पाण्यावर नाचणाऱ्या बाहुल्यांची गोष्ट तर तिला कितीदा ऐकली तरी पुरत नसे. नाचवणारी माणसं पडद्याआड कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात, असं अप्पा सांगायचे.

"त्यास्नी पडसं न्हाई का व्हत?"

"व्हतंय की. मधीच शिंकत्यात. आमाला वाटायचं, राक्षस गरजायलाय."

अप्पांच्या खाण्याचे मात्र तिकडं हाल झाले असणार. ते म्हणायचे, "मासळी मिठात मुरवून तिचं पानी काढत्यात आन समद्यात घालत्यात. पुनवंला आन अवसंला तिकडचे लोक देवळात निव्वळ भाजीपाला खात्यात, तेवढे दोन दिस मी पंगतीला. बाकीचा म्हैना हातानं भात."

फक्त एका ठिकाणी पोचलो की अप्पांचा आवाज खाली यायचा. रानात विटांची जुनी, पडकी देवळं, आणि आत महादेवाच्या पिंडी. शेकडो वर्षांपूर्वी कुणी राजांनी बसवलेल्या. "कोनी पानी घालायला न्हाई. वेली चढलेल्या. पाव्हने फोटू काढायलते, मी तांब्या घिऊन वढ्याला गेलो." एवढं बोलून ते छत्री उचलायचे आणि त्या दिवशीची सफर तिथंच संपायची.

एक गोष्ट मला सुरुवातीला खटकायची. अप्पा बोलताना आमच्याकडं बघत नसत. घराच्या दाराकडं तोंड करून, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात बोलत. मला वाटायचं, बोटीवर गर्दीत ओरडायची सवय राहिली असेल.

दाराच्या आत गौराक्का असायच्या, अप्पांची बायको. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळाला विभूतीचे पट्टे आणि ओठ घट्ट मिटलेले. गल्लीत सगळ्यांशी त्या बोलायच्या, फक्त नवऱ्याशी नाही. अप्पा परत आले त्या दिवशी त्यांनी पाय धुवायला पाणी ठेवलं, पण शब्द काढला नाही. तेव्हापासून घरातला सगळा व्यवहार म्हशीच्या मार्फत चालायचा.

"म्हशे, जेवायला वाढलंय म्हनावं," गौराक्का गोठ्याकडं तोंड करून सांगायच्या.

"म्हशे, आमटीला मीठ कमी हाय म्हनावं," अप्पा ताटावरून कळवायचे.

"ज्यास्नी परमुलखातलं गोड लागलं त्यास्नी घरचं आळनीच लागनार म्हनावं."

म्हैस दोघांचं ऐकून घ्यायची. मेली तेव्हा आठ दिवस त्या घरात कुणी कुणाला काही सांगू शकलं नाही. मग अप्पांनी घाईनं सेलूच्या बाजारातून दुसरी आणली.

मूलबाळ नव्हतं. लग्नानंतर दोनच वर्षांनी अप्पा गेले आणि अकरा वर्षं गौराक्कांनी सासूच्या हाताखाली काढली. कुणाला राग येणार नाही? आम्ही सगळ्या बाया मनातून गौराक्कांच्या बाजूच्या होतो, आणि तरीही दुपारी अप्पांच्या होडीत बसायचो.

एका वर्षी अप्पांनी गल्लीला पोखर्णीच्या नरसिंहाला न्यायचं ठरवलं. तीन बैलगाड्या, चौदा माणसं, वाटेत परभणीला माझ्या माहेरी मुक्काम. अप्पा पहिल्या गाडीत उभे. दुधनेच्या काठी त्यांनी गाड्या थांबवल्या, का तर पाण्यात बगळे उभे होते. पुढं एका शेतात करडई फुलली होती म्हणून थांबवल्या. एका वडाखाली तर सगळ्यांना खाली उतरवून वर बघायला लावलं. गाडीवान कावला. "अप्पा, बैल ह्यो वड रोज बघत्यात."

"बैलांनी बगितलाय. तुमी बगितलाय का?"

परिणाम व्हायचा तोच झाला. पोखर्णीला पोचलो तेव्हा देवळाचं दार दुपारचं बंद झालेलं. नैवेद्याचे डबे मांडीवर घेऊन आम्ही बाहेर उन्हात बसलो. सखूबाईनं अप्पांच्या सात पिढ्या उद्धरल्या. अप्पा ओशाळून छत्री उघडझाक करत राहिले.

पण त्या प्रवासात माझ्या ध्यानात एक आलं. गौराक्का शेवटच्या गाडीत, मागं तोंड करून बसल्या होत्या. अप्पा पहिल्या गाडीत उभे राहून जे काही दाखवत, ते आमच्या माना वळून झाल्यावर पुन्हा एकदा, मागच्या गाडीपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगत. "बगळे हायेत, बगळे! सात हायेत!" आणि सातवा बगळा सांगितला की क्षणभर थांबून ते मागं कान द्यायचे. मागून कधी काही आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, अप्पा शेतावर गेलेले असताना, गौराक्का पदराखाली काहीतरी घेऊन माझ्याकडं आल्या. फडक्यात बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता.

"माळा झाडताना घावला. धाकल्या दिरानं टाकला आसंल. ही यांची पत्रं. तवा दीर मला वाचून दावायचा. म्हनायचा, खुशाल हाय, तब्येत बरी हाय. बास. येवढी लांब लांब पत्रं आन त्यात तेवढंच कसं म्हनून आता इचार यायलाय. वाचा बरं."

अक्षर मोठं, सुटं, बाळबोध. शिकाऊ माणसालाही वाचता यावं असं. मी वाचू लागले. पहिल्या पत्रात बोटीचा प्रवास होता. दुसऱ्यात सायगॉनची मंडई. आणि शेवटी लिहिलं होतं, 'शेठना विचारले आहे. बिऱ्हाड करायला हरकत नाही म्हणतात. तू ये. तुला हे सगळे दाखवायचे आहे.'

मी थांबले. गौराक्का म्हणाल्या, "पुढं?"

प्रत्येक पत्रात एक जागा आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी 'तू ये'. सुगंधी नदी, आणि तू ये. भाताच्या पायऱ्या, आणि तू ये. रानातल्या पिंडी, आणि 'तू असतीस तर दोघांनी मिळून पूजा केली असती.' तिसऱ्या वर्षीच्या एका पत्रात सूर निराळा होता. 'महालिंगचे पत्र आले. समुद्र ओलांडणार नाही असे तू म्हणतेस, असे तो कळवतो. तुझी मर्जी. मी जबरदस्ती करणार नाही. पण जे पाहतो ते तुला लिहीत जाईन.'

गौराक्का किती तरी वेळ त्या कागदाकडं बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिल्या.

"मला कोनी इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "सासूबाईनं आन दिरानं मिळून परस्पर लिवलं आसंल. घरात राबायला कोन व्हतं मग?"

आणि ओट्यावरच्या सफरी कुणासाठी निघत होत्या ते मला तेव्हा कळलं. आम्ही नुसत्या गर्दी होतो.

मी म्हटलं, "आजच सांगून टाका अप्पांना."

त्यांनी गठ्ठा बांधला. "कसं सांगू? इतकी वर्सं न्हाई बोलले. आता पैला शब्द कोनता काडायचा, सांगा मला. आन तुमी बी सांगू नका. तुमाला शपथ हाय."

मी शपथ पाळली. त्या दिवसापासून एवढाच फरक पडला की दुपारी गौराक्का उंबऱ्याच्या आत पाट घेऊन बसू लागल्या. बाहेरून दिसायच्या नाहीत. अशीच सहा वर्षं गेली.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्या उन्हाळ्यात आमच्या मुलखात काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव माणसं धरत होत्या. गावं ओस पडायला लागली. लोक बैलगाड्या जुंपून वऱ्हाडच्या हद्दीकडं निघाले, कारण तिकडं निजामाचं राज्य नव्हतं. ह्यांनी शाळा सोडली होती, आणि त्यांचं नाव कुणाच्या तरी यादीत गेल्याची बातमी आली. ती आणली हुसेनभाईनं. आमच्या दारात उभा राहून हळूच म्हणाला, "मास्तरसाब, कल नक्को, आज निकलो. जिंतूर की सडक नक्को. आडरस्ता पकडो."

पाच गाड्या निघाल्या. तिसऱ्या गाडीत गोधड्या आणि कडब्याखाली ह्यांना निजवलेलं, वर मी आणि सखूबाई. मागच्या गाडीत गौराक्का. पुढच्या गाडीत अप्पा. लेकरांनासुद्धा भीती कळते, ती आयांच्या कुशीत मुकी बसलेली. आणि अशात अप्पांनी छत्री उघडली आणि सुरू केलं. "डावीकडं बगा. पळस! पानं न्हाईत, निस्ता शेंड्याशेंड्याला उन्हाचा जाळ हाय. पुढं डोंगर लागतील, तिथं वाटंला चार वळनं हायेत..." आधी मला राग आला. मग बघितलं, तर लेकरं माना काढून पळस शोधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णा नदीच्या उताराशी आलो. पाणी घोट्याएवढं. पलीकडच्या काठावर सात-आठ माणसं उभी होती. हातात काठ्या, दोघांकडं बंदुका. त्यांनी हात वर केला. गाड्या पाण्यातच थांबल्या.

बंदूकवाल्यांतला म्होरक्या पुढं आला. "कहाँ जा रहे सब के सब?"

माझा हात गोधडीवर होता. गोधडीखाली ह्यांचा खांदा होता. सखूबाईनं माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी वाढली.

अप्पा गाडीतून उतरले. धोतर वर खोचून, पाण्यातून चालत, छत्री उघडी ठेवून. "सफर पे निकले हुजूर. लोनार का नजारा देखने."

"कैसा नजारा? इत्ता सामान लेके?"

"औरतां साथ हैं हुजूर. एक औरत, दो संदूक. नौ औरतां हैं, आप हिसाब लगाव." मागचे दोघं हसले. म्होरक्या हसला नाही. तो दुसऱ्या गाडीपाशी आला, काठीनं भांडी वाजवून बघितली.

अप्पा त्याच्याबरोबर चालत होते आणि बोलत होते. "आसमान से तारा गिरा हुजूर, उत्ता बड़ा गड्ढा पड़ा. अंदर तालाब है. आप बी कब्बी गए तो सुबू जाना. सूरज पीठ पे होना. दोपहर को गए तो कुच नै दिखता." म्होरक्या तिसऱ्या गाडीकडं वळला. अप्पा मधे आले, छत्रीसकट. "पन हुजूर, असल नजारा देखना तो अनाम जाना. मैं अकरा बरस वहाँ था. हुए शहर में राजों के सात मकबरे हैं. पैला मकबरा, अब सुनो, पहाड़ के पेट में. सामने पत्थर के हत्ती, पत्थर के घोड़े, पत्थर के दीवान. एक एक दीवान की दाढ़ी अलग..."

पहिल्या राजाची कबर संपायलाच बराच वेळ लागला. अप्पांनी पायऱ्या मोजल्या. दुसरीच्या तळ्यात कमळं किती रंगांची ते सांगितलं. ऊन चढायला लागलं. एकानं जांभई दिली. एक जण काठी टेकून दगडावर बसला. अप्पा तिसरीच्या दारावरच्या चिनी मातीच्या तुकड्यांपर्यंत आले, तेव्हा म्होरक्यानं बंदूक खांद्यावर टाकली. "बस करो बाबा! सर खा गए. जाव, निकलो!"

"चौथा तो सुनो हुजूर, चौथा सब से..."

"जाव बोला ना!"

गाड्या पाण्यातून निघाल्या. अप्पा उघड्या छत्रीसकट पुढच्या गाडीत चढायला गेले. गाडीवानानं काखेत धरून वर ओढलं.

त्यानंतर अप्पा बोललेच नाहीत. त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. वाटेत डोंगर आले, वळणं आली, हद्द आली. हे गोधडीतून बाहेर आले, कडबा झटकला आणि अप्पांच्या पाया पडले, तरी अप्पा नुसते बघत राहिले. लेकरं विचारायची, "अप्पा, डावीकडं काय हाय?" अप्पा छत्रीवर हनुवटी टेकून बसलेले. ज्याच्या बोलण्याला आम्ही इतकी वर्षं हसलो, त्याच्या गप्प बसण्यानं आमचा जीव थाऱ्यावर राहीना.

नदी ओलांडल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लोणारला पोचलो. आसरा घ्यायला ओळखीचं दुसरं गाव नव्हतं, आणि अप्पांनी तोंडातून काढलेलं तेच नाव आता आमचा मुक्काम झालं होतं. गाड्या सोडल्या आणि सगळे त्या विवराच्या काठावर गेलो. अप्पा आले, पण त्यांनी त्याच्याकडं पाठ केली आणि एका दगडावर उपरण्यात तोंड घालून बसले. खांदे हलत होते.

आम्ही जरा लांब चूल पेटवत होतो. गौराक्का उठल्या, चालत त्यांच्यापाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. मग त्यांचा आवाज ऐकू आला आणि माझ्या हातातली लाकडं तशीच राहिली.

"लय मोठं हाय वो हे," गौराक्का म्हणाल्या. "आक्खी बोरी मावंल. खाली पानी हाय. हिरवंगार. कडंनं पांढरी रेघ हाय, मीठ वाळल्यावानी. मंग समदी झाडी. झाडीत देवळं हायेत. एक, दोन... लय हायेत. मोडल्यावानी दिसत्यात. मोर हाय एक."

अप्पांनी तोंड वर केलं नाही. उपरण्यातूनच म्हणाले, "मी भ्यालो व्हतो गं. लय भ्यालो. मास्तरांचा पाय दिसायलता गोधडीखालून."

"ठाव हाय. मी मागल्याच गाडीत व्हते."

मग गौराक्का त्यांच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून, खाली बसल्या. "तुमची पत्रं मी वाचून घेतली. साऱ्या पत्रांत 'ये' लिवलेलं व्हतं. ते मला कोनी सांगितलं नव्हतं. मी न्हाई म्हनले नव्हते."

आता अप्पांनी तोंड वर केलं. डोळे लाल. आयुष्यभर दुसऱ्यांना काय बघायचं ते सांगणारा तो माणूस समोरच्या एवढ्या मोठ्या देखाव्याकडं न बघता बायकोच्या तोंडाकडं बघत राहिला.

"आली असतीस?"

गौराक्कांनी विचार केला. खरंच विचार केला, उगीच गोड बोलायचं म्हणून नाही. "आले असते. वाटभर भांडले असते, पन आले असते."

अप्पांनी नाक शिंकरलं. चप्पल शोधू लागले, ती पायातच होती.

"खाली उतराया वाट हाय म्हनं," गौराक्का म्हणाल्या. "जायचं का?"

"ऊन लय हाय."

"असू द्या."

त्या पुढं झाल्या, पाऊलवाट उतरणीची होती, आणि चार पावलांवर थांबून त्यांनी मागं न बघता हात मागं केला. अप्पांनी तो धरला. झाडीत दोघं दिसेनासे झाले. भात शिजत आला होता, आणि जेवून जा म्हणून हाक मारायला मी तोंड उघडलं, तर सखूबाईनं मला खाली ओढून बसवलं.

"गप बसा, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "झाकून ठेवा दोघांचा."